पोर्चला खिडक्या लावताना: नागपुरातल्या घरांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चपला काढायच्या, स्कूटर उभी करायची, दिवेलागणीला खुर्ची टाकून बसायचे, अशी सगळी कामे पोर्च करतो. जुन्या घरांत हे काम सपरी करायची. आता धूळ, डास आणि चोरीची धास्ती यांमुळे बहुतेकांना तो खिडक्या लावून बंद करायचा असतो. हरकत काहीच नाही. पण काम झाल्यावर दोन तक्रारी हमखास येतात: पहिल्या उन्हाळ्यात घर तापते आणि पहिल्या पावसात ट्रॅकमधून पाणी आत येते. दोन्हींची कारणे काम सुरू होण्याआधीच ठरलेली असतात, म्हणून प्रश्न त्याच क्रमाने घेतले आहेत.

पोर्च पूर्ण बंद करावा की अर्धा मोकळा ठेवावा?

आमचा सल्ला स्पष्ट आहे: बंद करा, पण सगळाच्या सगळा उघडता येईल असा. नागपुरात वर्षातले दोन-तीन महिने दुपारी दारे-खिडक्या लावून बसावे लागते, पण त्याच दिवसांत पहाटे चार ते सात या वेळात मिळेल तेवढी गार हवा घरात घ्यावी लागते. जो पोर्च पहाटे मोकळा होत नाही, तो आदल्या दिवशी साठलेली उष्णता तशीच धरून ठेवतो.

आतल्या खोलीची खिडकी पोर्चमध्ये उघडत असेल तर आणखी एक हिशेब करा. कोरड्या-उष्ण हवामानात खोलीच्या क्षेत्रफळाच्या किमान एक दशांश इतकी खिडकी असावी, असे राष्ट्रीय इमारत संहिता सांगते. पोर्च बंद झाला की त्या खोलीला हवा पोर्चमार्फतच मिळणार. म्हणजे १०×१२ फुटांची खोली आणि १२×८ फुटांचा पोर्च असेल तर दोन्ही मिळून २१६ चौरस फूट होतात, आणि पोर्चच्या बाहेरच्या बाजूला किमान २२ चौरस फूट उघडणारी खिडकी लागते. नुसती काच मोजायची नाही, उघडणारा भाग मोजायचा.

हॉलचा कूलर पोर्चमध्ये बसवलेला आहे. पोर्च बंद केला तर चालेल का?

नागपुरात सगळ्यात जास्त फसतो तो हाच मुद्दा, म्हणून जरा सविस्तर.

मे महिन्यात दुपारी बाहेर ४५ अंश तापमान असते आणि आर्द्रता १५ ते २० टक्क्यांच्या आसपास. अशा कोरड्या हवेत चांगल्या ताट्यांचा (बाजूंच्या भिजत राहणाऱ्या पॅडचा) कूलर २७-२८ अंशांची हवा देऊ शकतो. हा सगळा खेळ कोरड्या हवेचा आहे. कूलर बंद पोर्चमध्ये ठेवला की तो तीच ओली हवा पुन्हा पुन्हा ओढतो. तासाभरात हॉल दमट होतो, अंगाला चिकचिक सुरू होते आणि माणसे म्हणतात, ‘ताट्या खराब झाल्या’. ताट्या ठीकच असतात. कूलरला श्वास घ्यायला जागा नसते.

उपाय दोन आहेत. कूलर पोर्चच्या बाहेरच्या भिंतीत सरकवा, म्हणजे त्याच्या तिन्ही ताट्या उघड्या हवेत राहतील. नाहीतर कूलर आहे तिथेच ठेवा आणि त्याच्या ताट्यांसमोर पोर्चच्या बाहेरच्या बाजूला कायम उघडे राहील असे लूव्हर (तिरप्या पट्ट्यांची चौकट) किंवा जाळी द्या. ३००० सीएफएमच्या (मिनिटाला इतके घनफूट हवा फेकणाऱ्या) कूलरला अशी ८ ते १० चौरस फूट वाट लागते, कारण डासांची जाळी बरीच हवा अडवते. ताटी आणि भिंत यांत दीड फूट अंतर ठेवा. पाणी भरायला आणि ताट्या बदलायला हात जायला हवा.

हवा बाहेर जायची वाटही तितकीच महत्त्वाची. दर १००० सीएफएमला हॉलची एक ते दोन चौरस फूट खिडकी उघडी हवी, म्हणजे ३००० सीएफएमला तीन ते सहा. ही खिडकी कूलरच्या समोरच्या टोकाला असावी, त्याच्या शेजारी नको. शेजारी असेल तर गार हवा खोलीत न फिरता सरळ बाहेर जाते.

चौकट करायला टाकण्यापूर्वी कूलरच्या तोंडाचे माप फॅब्रिकेटरला द्या. खिडकी बसल्यावर काच काढून तिथे प्लाय ठोकणे हा अनेक घरांत दिसणारा प्रकार त्यातूनच येतो. आणि त्या भागाला उचलता येणारा पल्ला ठेवा. दिवाळीनंतर कूलर निघाला की तिथे पुन्हा काच लावता आली पाहिजे.

पोर्चचे तोंड पश्चिमेला आहे. खिडक्या कुठे आणि किती ठेवाव्यात?

पश्चिमेचे ऊन तिरपे, खालून येते. त्याला छज्जा अडवू शकत नाही. उन्हाळ्यात दुपारी चारच्या सुमारास पश्चिमेच्या उभ्या काचेवर दर चौरस मीटरला साधारण ६०० वॉट ऊन पडते आणि साधी ५ मिमी काच त्यातले जवळपास ८० टक्के आत सोडते. ४×४ फुटांच्या तीन खिडक्या म्हणजे साडेचार चौरस मीटर. म्हणजे ऐन उन्हाळ्यात संध्याकाळी घरात एक-एक हजार वॉटचे दोन हीटर लावून बसल्यासारखे.

त्यामुळे पश्चिमेला सावली आधी, काच नंतर. सावली काचेच्या बाहेर हवी. आतला पडदा ऊन अडवतो तेव्हा उष्णता आत आलेली असते. बाहेरून बांबूची चिक, उभे लूव्हर, सिमेंटची किंवा मातीची जाळी, नाहीतर वेलीसाठी काचेपासून फूटभर पुढे तारांची चौकट, यांतले काहीही चालते. वाळ्याची ताटी टांगून तिच्यावर पाणी मारण्याची जुनी पद्धत आजही उत्तम काम देते, फक्त वरची चौकट ओल सोसणारी हवी.

दक्षिणेची बाजू सोपी आहे. नागपूर सुमारे २१ अंश अक्षांशावर आहे, म्हणून मेच्या शेवटच्या आठवड्यात, ऐन नवतपाच्या दिवसांत, दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो. फूट-दीड फुटाचा छज्जाही पुरतो. डिसेंबरात तोच सूर्य भर दुपारी सुमारे ४५ अंशांवर असतो. दोन फुटांचा छज्जा तेव्हा खिडकीचा फक्त वरचा दोन फूट भाग झाकतो आणि चार फुटी खिडकीचे खालचे दोन फूट ऊन आत येते. थंडीत हवेच असते ते. मोठ्या खिडक्या ठेवायच्याच असतील तर दक्षिणेला आणि उत्तरेला ठेवा. फक्त एवढे ध्यानात असू द्या की मे-जूनमध्ये सूर्य वायव्येकडे मावळतो, त्यामुळे उत्तरेच्या खिडकीवरही संध्याकाळी तिरपे ऊन येते.

स्लायडिंग घ्यावी की पल्ल्याची?

दोन ट्रॅकची स्लायडिंग अर्धीच उघडते. तीन ट्रॅकमध्ये दोन काचा आणि एक जाळी घेतली तरी अर्धीच. तिन्ही काचा घेतल्या तर दोन तृतीयांश उघडते, पण जाळी मिळत नाही. पल्ल्याची, म्हणजे बिजागरीवर उघडणारी, खिडकी जवळजवळ पूर्ण उघडते, आणि बंद केली की रबरी गॅस्केटवर घट्ट दाबून बसते, त्यामुळे धूळ आणि पाणी दोन्ही कमी शिरते. स्लायडिंगला ब्रशसारखी लोकरी पट्टी असते. नवी असताना ती काम करते, पण दोन-तीन उन्हाळ्यांत धुळीने चपटी होते.

जिथे पल्ला बाहेर उघडायला जागा आहे तिथे पल्लाच घ्या. जिथून गाडी जाते किंवा लगतच पायवाट आहे, तिथे स्लायडिंग. एकाच पोर्चमध्ये दोन्ही वापरायला काही अडचण नाही. काचेच्या पट्ट्यांचे जुने लूव्हर हवेला चांगले, पण मान्सूनपूर्व वादळात पाणी सरळ आत फेकतात. ते छज्जाखालीच ठेवा.

ॲल्युमिनियम, यूपीव्हीसी की लाकूड?

यूपीव्हीसी, म्हणजे कडक प्लास्टिक, उष्णता कमी वाहते, पण उन्हात ॲल्युमिनियमच्या तिप्पट वाढते. दोन मीटरची चौकट थंडीतल्या पहाटेपासून उन्हाळ्यातल्या दुपारपर्यंत ४० अंशांचा फरक सोसते, तेव्हा यूपीव्हीसी साडेपाच मिमीच्या आसपास लांब होते, ॲल्युमिनियम दोन मिमीच्या आत. म्हणून यूपीव्हीसी चौकटीच्या प्रत्येक बाजूला ५ मिमी फट सोडावी लागते आणि आत गॅल्वनाइज्ड लोखंडाची पट्टी लागते. ही पट्टी आहे का ते चौकट बसण्याआधी विचारा. पाहिजे तर लोहचुंबक लावून पाहा. पश्चिमेला लाकडी रंगाची गडद लॅमिनेट केलेली यूपीव्हीसी टाळा. ती पांढऱ्यापेक्षा फार तापते आणि वाकते. एकदा वाकली की कुलूप जागेवर बसत नाही.

ॲल्युमिनियममध्ये स्वस्त सेक्शन (चौकटीच्या पोकळ पट्ट्या) पातळ असतात, वादळात पल्ला थरथरतो. फॅब्रिकेटर ‘डोमल’ म्हणतात ते जाड सेक्शन घ्या. सेक्शनच्या पत्र्याची जाडी १.२ मिमीपेक्षा कमी नको. पावडर कोटिंग ६० मायक्रॉनचे मागा.

सागवान विदर्भात पिकते. चंद्रपूर-बल्लारपूरकडचे सीपी (जुन्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेसवरून) टीक नावाजलेले आहे आणि चौकटीसाठी आजही त्याला तोड नाही. पण इथली आर्द्रता उन्हाळ्यात १५ टक्क्यांवर उतरते आणि श्रावणात ८५ टक्क्यांवर जाते. पावसाळ्यात पल्ला अडतो म्हणून रंधा मारला की पुढच्या मे महिन्यात फट पडते. पल्ला करतानाच सगळीकडून दोन-तीन मिमी मोकळीक ठेवा. आणि एक गोष्ट स्वतः हात लावून तपासा: पल्ल्याची खालची कड. सुतार आणि रंगारी ती तशीच कोरी सोडतात, कारण दिसत नाही. लाकडाच्या रेषांची टोके तिथे उघडी असतात आणि पाणी तिथूनच वर चढते. बिजागऱ्या बसवण्यापूर्वी पल्ला उलटा करून त्या कडेला प्रायमरचे दोन हात मारून घ्या.

काच कोणती घ्यावी?

जमिनीपासून तीन फुटांच्या खाली येणारी प्रत्येक काच टफन (भट्टीत तापवून कडक केलेली) किंवा लॅमिनेटेड हवी. पोर्चमध्ये मुले चेंडू खेळतात, स्कूटरचे हँडल लागते. टफन फुटली तर बारीक खडे होतात, लॅमिनेटेड फुटली तर पापुद्र्याला चिकटून राहते. टफन काच नंतर कापता किंवा भोक पाडता येत नाही, म्हणून एक्झॉस्टसाठी किंवा वायरसाठी भोक हवे असेल तर भट्टीत जाण्यापूर्वी सांगा. विदर्भात फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये गारपीट होते, तीही ध्यानात ठेवा.

वजन काढायचे सूत्र सोपे आहे: दर चौरस मीटरला, दर मिलिमीटर जाडीला अडीच किलो. ४×४ फुटांच्या पल्ल्यात ५ मिमी काच साडेअठरा किलो होते. रोलर आणि बिजागऱ्या यावर ठरवा. डबल काच फक्त एसी लावणार असाल तरच विचारात घ्या; खिडक्या उघड्या ठेवून कूलर चालवणाऱ्या घरात तो पैसा वाया जातो. त्याच पैशांत बाहेर चिक आणि छज्जा करा. रिफ्लेक्टिव्ह काच ऊन अडवते खरी, पण रात्री आतला दिवा लागला की बाहेरून सगळे दिसते.

माप कसे घ्यायचे?

दगडी सिल (खिडकीखालची पट्टी) आणि गिलावा दोन्ही पूर्ण झाल्यावरच. रुंदी वर, मध्ये आणि खाली मोजा. उंची डावीकडे, मध्ये आणि उजवीकडे. सर्वांत कमी आकडा घ्या आणि त्यातून १० मिमी वजा करा. उदाहरणार्थ १४९८, १५०३ आणि १४९५ असे आले तर चौकट १४८५. मग दोन्ही कर्ण मोजा. फरक ५ मिमीपेक्षा जास्त असेल तर चौकट नव्हे, भिंत दुरुस्त करा. इंच आणि मिलिमीटर एकाच कागदावर लिहू नका, बहुतेक चुका तिथे होतात.

पावसात ट्रॅकमधून पाणी आत येते. काय चुकले?

तीन जागा तपासा.

पहिली, सिल. कडप्पा किंवा ग्रॅनाइटच्या सिलला बाहेरच्या बाजूला १० मिमी उतार हवा, भिंतीच्या पुढे ४ ते ५ सेमी आली पाहिजे आणि खालच्या अंगाला ८-१० मिमी रुंद खाच हवी. खाच नसेल तर पाणी दगडाच्या पोटाला चिकटून भिंतीत शिरते, आणि खिडकीखाली ओल आली की दोष मात्र खिडकीला जातो.

दुसरी, ट्रॅकमधली निचऱ्याची छिद्रे. बाहेरच्या बाजूला, दर दोन फुटांवर एक, साधारण ५×२५ मिमीची. मे महिन्याच्या धुळीने ट्रॅक भरतो, त्यावर वादळाचा पहिला सडाका पडतो आणि छिद्रात चिखलाचा गोळा घट्ट बसतो. वरून ट्रॅक साफ दिसतो, छिद्र मात्र बंद. मग दुसऱ्या पावसात ट्रॅक भरून पाणी आतल्या कडेवरून वाहते. मृग लागण्यापूर्वी, म्हणजे ७ जूनच्या आत, जुन्या टूथब्रशने ट्रॅक घासा, इंजेक्शनच्या सुईशिवायच्या सिरिंजने छिद्रात पाणी मारा आणि बाहेरून ते निघते का ते पाहा. मग ट्रॅकमध्ये तांब्याभर पाणी ओता. मिनिटभरात ओसरले पाहिजे.

तिसरी, खालच्या ट्रॅकमधले स्क्रू. चौकट बसवणाऱ्याने ट्रॅकच्या तळातून स्क्रू मारले असतील तर प्रत्येक स्क्रू म्हणजे एक गळती. चौकट बाजूंनी आणि वरून धरावी. कोपऱ्यापासून १५ सेमीवर पहिला फास्टनर, नंतर दर ६० सेमीवर.

भिंत आणि चौकट यांतल्या फटीत न्यूट्रल सिलिकॉन वापरा. व्हिनेगरसारखा आंबट वास येणारे सिलिकॉन सिमेंटवर धरत नाही आणि धातूला खाते. फोम भरला असेल तर तो झाकलाच पाहिजे; उन्हात त्याचा भुगा होतो.

खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपे तडे का जातात?

काळ्या मातीमुळे. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. घराचा पाया मुरमापर्यंत नेलेला असतो, पोर्चचा मात्र अनेकदा दोन फुटांवरच ठेवतात, कारण त्यावर ‘फक्त खांब’ असतात. खांबांच्या मध्ये विटांची भिंत आणि खिडक्या आल्या की वजन वाढते, पोर्च घरापासून वेगळा हलतो आणि तडा सगळ्यात कमजोर जागी, खिडकीच्या कोपऱ्यात, निघतो. स्लायडिंग अडू लागली तर आधी कर्ण मोजा. रोलरचा दोष निघण्यापेक्षा भिंत सरकल्याचे निघण्याची शक्यता बरीच असते.

भिंत बांधण्यापूर्वी एका कोपऱ्यात खड्डा खणून मुरूम किती खोल आहे ते पाहा. मुरूम वर असेल तर चांगलेच; खोल असेल तर इंजिनिअरला दाखवा. काही वेळा भिंतच नको, जमिनीपासून हलकी ॲल्युमिनियम चौकट आणि खाली पॅनेल, हाच शहाणा पर्याय ठरतो. भिंत बांधलीच तर खिडकीखाली आणि वर सलग काँक्रीटचा पट्टा द्या, घर आणि पोर्च यांच्या मध्ये १०-१२ मिमीचा सांधा सोडून लवचीक सीलंट भरा. तो सांधा गिलाव्याने बुजवू नका. पोर्चच्या कडेला पाणी साचू नये म्हणून बाहेर दोन-अडीच फूट रुंद पक्का उतार करा. बागेची नळी पायालगत रोज सोडून ठेवणे हेही तड्यांचे नेहमीचे कारण आहे.

बंद पोर्चमध्ये स्कूटर ठेवली तर?

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीवर साठते. वरच्या खिडक्यांतून ती जात नाही. समोरासमोरच्या भिंतींत फरशीपासून सहा इंचांच्या आत, प्रत्येकी साधारण ९×६ इंचांच्या कायम उघड्या जाळ्या द्या. देवघर किंवा समईची जागा त्याच पोर्चमध्ये नको. इलेक्ट्रिक स्कूटर रात्रभर चार्ज करायची असेल तर ती बाहेर पडायच्या दारासमोर उभी करू नका.

ग्रिल आणि जाळी?

१२ मिमी चौकोनी गज, दोन गजांत १० सेमीपेक्षा कमी अंतर. किमान एका खिडकीचे ग्रिल आतून किल्लीशिवाय उघडणारे ठेवा; मुख्य दार आगीत अडले तर बाहेर पडायला दुसरी वाट हवी. कुलूप लावणारच असाल तर किल्ली हाताशी, पण बाहेरून हात पोहोचणार नाही अशी टांगा. जाळी स्टीलची असेल तर ३०४ प्रतीची घ्या. फायबरची स्वस्त पडते, पण मांजर नखांनी फाडते.

परवानगी लागते का?

मंजूर नकाशात पोर्च बहुतेक वेळा बाजू मोकळ्या असलेला, समासातल्या (भूखंडाच्या कडेने मोकळ्या सोडायच्या) जागेत दाखवलेला असतो. तो भिंत-खिडक्यांनी बंद केला की बांधीव क्षेत्राचा आणि समासाचा प्रश्न उभा राहतो. डिसेंबर २०२० पासून लागू असलेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीनुसार तुमच्या भूखंडावर काय बसते ते नोंदणीकृत आर्किटेक्टकडून काम सुरू करण्यापूर्वी तपासून घ्या. नकाशा महानगरपालिकेने मंजूर केला की नासुप्रने (नागपूर सुधार प्रन्यासाने), ते आधी पाहा. विनापरवाना बांधकामाला महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ५३ खाली नोटीस येऊ शकते, आणि घर विकताना बँकही नकाशा मागते.

फरशी, रंग, दिवे, झोपाळा?

पोर्चला गुळगुळीत टाइल नको, पहिल्या पावसातच पाय घसरतो. पॉलिश न केलेला कोटा उत्तम: घसरत नाही, उन्हाळ्यात पाणी मारले की गार पडतो. बाहेरच्या दिशेने दर फुटाला ३ मिमी उतार द्या. छताला पांढरा, भिंतींना फिका रंग. पश्चिमेच्या भिंतीवर गडद रंग म्हणजे रात्री दहापर्यंत तापलेली भिंत. दिवा पिवळसर, ३००० केल्विनच्या आत घ्या, पावसाळ्यात किडे कमी येतात.

झोपाळ्याचा हूक स्लॅबमध्ये नव्हे, बीममध्ये. दोन माणसे बसून झोका घेतात तेव्हा वजनापेक्षा बराच जास्त ताण येतो, आणि फास्टनरवर टांगलेला हूक हळूहळू ढिला होतो. जुन्या घरात बीमच्या आरपार बोल्ट आणि वर पट्टी लागते. झोक्याच्या दोन्ही टोकांना काचेपासून अडीच फूट अंतर ठेवा. झोपाळा काचेला समांतर झुलला तर सगळ्यात चांगले.

काम कधी काढावे आणि कोटेशनमध्ये काय लिहून घ्यावे?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. एप्रिल-मेमध्ये गिलावा पाणी धरत नाही, सकाळी मारलेले पाणी तासाभरात उडते आणि केसासारखे तडे जातात. तेव्हाच करावे लागले तर गोणपाट लावून किमान सात दिवस ओले ठेवा.

कोटेशनमध्ये सेक्शनचे नाव आणि जाडी, काचेची जाडी आणि प्रकार, जाळीचा प्रकार, रोलर-बिजागऱ्यांची वजनक्षमता, सिलिकॉनचा प्रकार आणि मोजणी चौकटीच्या बाहेरून की उघड्या भागाची, हे सगळे हवे. ‘चौरस फुटाला इतके’ एवढाच आकडा असेल तर जाळी, वाहतूक आणि कूलरचा कट शेवटी वेगळे लागतात. शेवटचे दहा टक्के पैसे पाण्याची चाचणी झाल्यावर द्या: बाहेरून प्रत्येक खिडकीवर नळीने पाच मिनिटे पाणी मारायचे, आत सिलवर कोरडा वर्तमानपत्राचा कागद पसरायचा. कागद ओला झाला तर कुठे ओला झाला त्यावर पेनाने खूण करा आणि कारागिराला तोच कागद दाखवा.